आर्किटेक्टचं ऑफिस चालवायचं कसं? (कामं आहेत, पैसे नाहीत)

अर्धवट_जिना (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो. काल रात्री वहीत हिशेब मांडला आणि झोप उडाली, म्हणून धागा काढतोय.

मी आर्किटेक्ट. नागपुरातच शिकलो, सहा वर्षं दुसऱ्यांकडे नोकरी केली, आता प्रतापनगरला स्वतःचं ऑफिस टाकून साडेतीन वर्षं झाली. दोन ज्युनियर, एक इंटर्न. कामं आहेत. मनीषनगरला दोन बंगले, मानेवाड्याला एक डुप्लेक्स, हिंगणा रोडला कारखान्याचं छोटं ऑफिस, शिवाय सख्ख्या मामांचं घर. सकाळी साइट, दुपारी मंजुरीची फाइल, रात्री ड्रॉइंग. आणि एक तारखेला पगार द्यायला बायकोकडून उसने घेतो. ती बँकेत आहे, पण व्याज लावत नाही एवढंच.

येणी काढली तर ४ लाख ७० हजार निघाली. लोक वाईट आहेत असंही नाही. मानेवाड्याचे काका दर वेळी चहा पाजतात आणि म्हणतात, "सर, स्लॅब पडला की देतो." स्लॅब पडून (भरून, कोसळून नव्हे) चार महिने झाले. मनीषनगरच्या बंगल्याला १८०० चौरस फुटांवर ४५ रुपये फुटाने बोललो होतो, त्यात स्ट्रक्चरल इंजिनिअरही धरला होता. त्याचे पैसे मी खिशातून दिले. मामांना तर आकडाच सांगितलेला नाही.

बाकीच्यांचं कसं चालतं? दर काय लावता, पैसे कधी मागता, नाही कसं म्हणता?

तिरपा_कोन | सोमवार, रात्री ११:५८

दर वाढवून काही होत नाही भाऊ. आमच्या चौकातला सिव्हिलवाला १० रुपये फुटाने नकाशा देऊन राहिला. आर्किटेक्ट्स ॲक्ट १९७२ पासून आहे, मग या लोकांना बंद काहून नाही करत?

ओळंबा | मंगळवार, सकाळी ७:१५

तिरपा कोन, ती आशा सोडा. १७ मार्च २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलंय की कलम ३७ 'आर्किटेक्ट' या उपाधीला संरक्षण देतं. नोंदणी नसलेल्या माणसाने इमारतीचं डिझाइन करण्यावर ते बंदी घालत नाही. चौकातल्या सिव्हिलवाल्याने पाटीवर 'आर्किटेक्ट' लिहिलं तर तक्रार करा. नकाशा काढला तर काही करता येत नाही.

आता धागाकर्त्यासाठी. माझी स्वतःची प्रॅक्टिस सव्वीस वर्षांची, त्यातली पहिली नऊ वर्षं मी तुझ्यासारखीच काढली. तुझ्या येण्यांपेक्षा मला त्या ४५ रुपयांची काळजी जास्त वाटते. सगळ्यांनी वेळेवर पैसे दिले असते तरी तू तोट्यातच असतास. कागद घे आणि मांड. माझ्या अंदाजाने तुझं भाडं १४ हजार, ज्युनियर २२ आणि १८ हजार, इंटर्न ६ हजार, वीज साडेचार (मे महिन्याचं बिल धरू नकोस, रडू येईल), सॉफ्टवेअर-इंटरनेट-अकाउंटंट मिळून साडेसात. झाले ७२ हजार. तुझ्या घरासाठी ६० हजार. एकूण १ लाख ३२ हजार.

काम करणारी माणसं तीन. इंटर्नचे तास धरू नकोस, त्याला शिकवण्यात तुझे तेवढेच जातात. महिन्याला २५ दिवस, रोज आठ तास, म्हणजे ६०० तास. त्यातला एक तृतीयांश फोन, वाहतूक, फाइलींच्या चकरा आणि 'सर, जरा येऊन जा' यात जातो. उरले ४००. म्हणजे तुझ्या ऑफिसचा एक तास ३३० रुपयांना पडतो.

एका बंगल्याला पहिल्या स्केचपासून शेवटच्या रेलिंगपर्यंत किती तास जातात, हे तू कधी लिहून ठेवलंयस का? मी ठेवते. एवढ्या आकाराच्या घराला आमच्याकडे ४२० च्या आसपास जातात. ४२० गुणिले ३३० म्हणजे १ लाख ३८ हजार ६००. तुझी फी ८१ हजार, त्यातून स्ट्रक्चरलवाल्याचे वजा. म्हणजे मनीषनगरच्या साहेबांच्या बंगल्यात तू जवळजवळ ६० हजार रुपये गुंतवलेत. वास्तुशांतीला जेवायला तरी बोलवतील की नाही, बघ.

लागत भरून निघायलाच ७७ रुपये फूट पडतं. नफा त्याच्या पुढे.

अर्धवट_जिना | मंगळवार, सकाळी ८:०२

ताई, भाडं १५ आहे. बाकी आकडे इतके जवळ आहेत की भीती वाटली. पण ७७ सांगितलं तर माणूस उठून जाईल ना?

ओळंबा | मंगळवार, सकाळी ८:३०

काही जण जातील. त्यांना ४५ मध्ये ठेवून तू काय कमावतोयस?

आणि फुटाचा दर मुळात सांगूच नकोस. फुटाचा दर ऐकला की समोरचा तुझी तुलना टाइल्सशी करतो. आपल्याकडे 'नकाशा' या शब्दाने फार नुकसान केलंय. गिऱ्हाइकाला वाटतं, मंजुरीचा निळा कागद मिळाला की तुझं काम संपलं. खरं तर तिथून सुरू होतं. म्हणून मी फी एका रकमेत सांगते आणि सोबत मराठीत दोन पानांचं पत्र देते. काय काय ड्रॉइंग मिळतील, साइटला किती चकरा (माझ्या पत्रात १८), आराखडा किती वेळा बदलून मिळेल (दोनदा, तिसऱ्यापासून वेगळे पैसे), स्ट्रक्चरल आणि प्लंबिंग सल्लागाराची फी कोण देणार, मनपा किंवा नागपूर सुधार प्रन्यासची डिमांड (मंजुरीचं शुल्क) कोण भरणार. हे शेवटचं विसरू नकोस. डिमांडचे पैसे आर्किटेक्टच्या फीतच आले असं मानणारे मला दर वर्षी भेटतात.

पैसे टप्प्याटप्प्याने. वास्तुकला परिषदेच्या कंडिशन्स ऑफ एंगेजमेंटमध्येही फी टप्प्यांतच बांधलेली आहे, काही मी शोध लावलेला नाही. फरक एवढाच की मी टप्पा *सुरू करायच्या आधी* घेते. मंजुरीची फाइल चढवण्याआधी त्या टप्प्याचे पैसे खात्यात हवेत. स्लॅब, प्लास्टर, गृहप्रवेश असल्या मुहूर्तांशी तुझी फी बांधलीस, तर ठेकेदाराच्या चालीने तुला पैसे मिळणार. आणि ठेकेदाराची चाल रेतीच्या भावावर ठरते.

काळी_माती | मंगळवार, दुपारी १:२०

मी ठेकेदार. ठेकेदाराचं नाव निघालंच तर बोलतो.

बाप्पा, तुमचे थ्रीडी पाहून पार्टी खुश होते, पण टॉयलेटचं संकन (खाली घेतलेला स्लॅब) किती घ्यायचं हे विचाराले मले तीनदा फोन करा लागते. रात्री साडेदहाले व्हॉट्सॲपवर मेसेज येते, 'बेडरूमची खिडकी सहा इंच सरकवा'. सकाळी साडेसातले मिस्त्री कामावर लागून जाते, त्याले कोण सांगन? दुपारी तुम्ही येता अन् म्हणता तोडा. तोडीचे पैसे पार्टी देत नाही, तुम्ही देत नाही, माह्या बोकांडी.

फी घ्या ना दणकून, आमचं काही म्हणणं नाही. पण ड्रॉइंगवर तारीख अन् रिव्हिजन नंबर टाका, साइटवर एक रजिस्टर ठेवा, जे सांगाचं ते त्यात लिहून सही करा. ज्या आर्किटेक्टचं रजिस्टर असते त्याच्या साइटवर पार्टी बी कमी भांडते. अन् दुसरी गोष्ट, बेसा-मानेवाडा पट्ट्यात काळी माती लागते. माती परीक्षण करा म्हटलं तर पार्टी म्हणते कायले, शेजारच्यानं नाही केलं. खड्डा खोदला की मग फुटिंग बदला, सळाख वाढवा, अन् स्ट्रक्चरलवाला पुन्हा पैसे मागते. हे पहिल्याच मीटिंगमध्ये सांगत जा.

अर्धवट_जिना | मंगळवार, दुपारी २:०५

काळी माती दादा, रात्री साडेदहाचे मेसेज मीही पाठवतो. गुन्हा कबूल.

बेसावाले | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

मी या धंद्यातला नाही, नोकरदार माणूस. दोन वर्षांपूर्वी घर बांधलं आणि आर्किटेक्टचे ६० हजार सात महिने थकवले. शेवटी दिले. का थकवले ते सांगतो, उपयोग होईल.

पहिलं म्हणजे त्यांनी सुरुवातीला आकडा सांगितलाच नाही. "आपण बघून घेऊ, घरचंच काम आहे" म्हणाले. मी शेजाऱ्याला विचारून मनात एक आकडा धरला. तो निघाला त्यांच्या आकड्याच्या निम्मा. दुसरं, बिल आलं तेव्हा माझे पैसे किचन ट्रॉली आणि पीओपीत संपले होते. तेच पैसे बँकेचा पहिला हप्ता सुटला तेव्हा मागितले असते तर हसत दिले असते. गृहकर्ज टप्प्याने सुटतं, तुमची फी त्याच टप्प्यांना जोडा ना.

तिसरं जरा कडू आहे. टाइल्स त्यांनी सांगितलेल्या दुकानातूनच घ्यायच्या असा आग्रह होता. दुसऱ्या दुकानात तीच टाइल चौरस फुटामागे ९ रुपयांनी स्वस्त मिळाली. तेव्हापासून त्यांचा प्रत्येक सल्ला मी दोनदा तपासला.

तिरपा_कोन | मंगळवार, रात्री ९:१०

सगळेच घेतात साहेब. फी पुरत नाही म्हणून तर घ्यावं लागते. प्लायवूडवाला, सॅनिटरीवाला, दिवाळीला पाकीट. दुकानदार स्वतःच आणून देते.

ओळंबा | मंगळवार, रात्री ९:४०

सगळे घेत नाहीत. आणि हा चवीचा प्रश्न नाही. १९८९ च्या आर्किटेक्टांच्या व्यावसायिक आचरण विनियमांत कमिशन आणि भेटवस्तू घेण्यादेण्याला साफ मनाई आहे. कामात गैरवर्तन सिद्ध झालं तर परिषद नोंदणीवर कारवाई करू शकते.

पण नियम बाजूला ठेव. बेसावाल्यांनी काय लिहिलंय ते परत वाच. ९ रुपयांच्या टाइलपायी त्यांनी ६० हजार सात महिने अडकवले. वर त्या आर्किटेक्टची शिफारस ते कोणाला करतील? आपल्या गावात कामं कशी येतात, जाहिरातीने? त्याच विनियमांनुसार जाहिरातही करता येत नाही, साइटवर नावाची पाटी लावायची तर अक्षराची उंची १० सेंटिमीटरच्या वर नको. काम येतं ते बेसावाल्यांसारख्या माणसाच्या तोंडून, लग्नाच्या पंगतीत. दुकानदार देणारच असेल तर ती सूट गिऱ्हाइकाच्या बिलात दाखवायला सांगायची. मी तसंच करते.

अर्धवट_जिना | मंगळवार, रात्री १०:२५

मी दोनदा घेतलंय. एकदा १२ हजार, एकदा ८. पगाराचा दिवस होता. लिहून टाकलं, बरं वाटलं नाही, पण लिहिलं.

जमाखर्च | बुधवार, सकाळी १०:३०

सीए आहे, आठ-दहा आर्किटेक्ट मंडळींची खाती पाहतो. बहुतेकांची एकच खोड: ऑफिसचं आणि घरचं खातं एक. आधी ते वेगळं करा.

वर्षाची जमा २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते, आर्किटेक्टच्या सेवेवर दर १८ टक्के. घर बांधणाऱ्या माणसाला त्याची वजावट मिळत नाही, त्यामुळे शेवटी तो सगळा कर तुमच्या फीतूनच कापून मागतो. पत्रात पहिल्याच ओळीत 'अधिक जीएसटी' लिहा. आज १६-१७ लाखांवर असाल तरी लिहा, कारण घराचं काम दीड-दोन वर्षं चालतं आणि मध्येच तुम्ही हद्द ओलांडता.

आयकरात ज्याला आपण ४४एडीए म्हणतो त्या तरतुदीत आर्किटेक्ट बसतो. जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरायचा, खर्चाचा तपशीलवार हिशेब द्यायची गरज नाही. मर्यादा ५० लाख, रोखीतली जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. व्यक्तीला आणि भागीदारी फर्मला लागू, एलएलपीला नाही. पण करासाठी वही लागत नाही म्हणून वहीच न ठेवणारे भेटतात, तसं करू नका. वरचा ताईंचा ३३० रुपयांचा हिशेब वहीशिवाय निघत नाही.

बिल्डर आणि कंपन्यांकडची येणी असतील तर उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या, फुकट आहे. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, मुदतीत न दिलेली रक्कम समोरच्याला त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच धरता येते. बिलावर उद्यम क्रमांक छापला की बिल्डरचा सीएच त्याच्या मागे लागतो. मार्चमध्ये याचा परिणाम पाहण्यासारखा असतो. तुमच्या हिंगण्याच्या कारखान्याला हे लागू पडेल. मामांना पडणार नाही.

(अवांतर: बिल्डरने कापलेला १० टक्के टीडीएस करखात्याच्या तुमच्या नोंदीत (२६एएस) दिसतोय का, ते दर तिमाहीला पाहा. कापतात आणि भरत नाहीत, असे नग आहेत.)

नवीन_टीस्क्वेअर | बुधवार, दुपारी ३:५०

मी अशाच एका ऑफिसात इंटर्न आहे. इंटर्नचे तास धरू नका म्हणता, पण मंजुरीची सगळी ड्रॉइंग मीच काढली आहेत 🙂

ओळंबा | बुधवार, रात्री ८:००

टीस्क्वेअर, खरं आहे, चिमटा बसला. सहा हजारही कमीच आहेत.

धागाकर्त्या, दोन गोष्टी राहिल्या. एक म्हणजे प्लॉटचे कागद. कोणी आलं की मी पेन्सिल उचलायच्या आधी आखीव पत्रिका किंवा सातबारा, मोजणीची क प्रत आणि गुंठेवारीतला लेआउट असेल तर आरएल (नियमितीकरणाचं पत्र) मागते. नागपूरच्या ५७२ किंवा १९०० लेआउटांच्या यादीतला लेआउट असेल तर आरएल नसताना 'होऊन जाईल' यावर कन्सेप्ट काढायचं नाही. जागा मनपाची, प्रन्यासची की एनएमआरडीएची (महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची), तेही त्याच दिवशी ठरवायचं. फाइल अडकली की फी अडकते, आणि माणूस समजतो तुमच्यामुळेच अडकली. २०२० ची एकत्रीकृत नियमावली आल्यापासून मार्जिन-एफएसआयचं (किती जागा सोडायची, किती बांधता येईल याचं) उत्तर पहिल्या बैठकीत देता येतं. त्या बैठकीचे मी पैसे घेते. काम मिळालं तर ते फीतून वजा. 'सहज विचारायला' येणारे अर्ध्यावर आले आणि जे येतात ते कागद घेऊन येतात.

दुसरं म्हणजे वाढीव काम. २३ सप्टेंबर २०२३ चा पूर आठवतो ना? अंबाझरीच्या खालच्या भागातलं माझं एक घर प्लिंथपर्यंत (जोत्यापर्यंत) आलं होतं. मालकांना प्लिंथ दोन फूट वर हवी झाली. रास्त मागणी, मीही तेच सांगितलं असतं. पण त्याने जिना बदलला, रॅम्प बदलला, पार्किंगची उंची बदलली, स्ट्रक्चर पुन्हा, सुधारित मंजुरी पुन्हा. नव्वद तास. त्या काळात पैशाचं बोलायची लाज वाटली आणि मी बोलले नाही. मालकांना आजही वाटतं की ते माझ्या फीतच होतं, आणि चूक त्यांची नाही. आता पत्रात ओळ आहे: मंजूर आराखड्यानंतरचा बदल ताशी दराने, आधी लेखी कळवून.

आणि हो, दुसऱ्या आर्किटेक्टचं अर्धवट काम चालून आलं तर आधी त्याला कळव, ते आचारसंहितेत आहे. त्याचे पैसे चुकते झालेत का तेही विचार, उद्या त्याच्या जागी तू असशील.

काळी_माती | बुधवार, रात्री ८:२५

ताई, तुमची साइट असन तर सांगजा.

अर्धवट_जिना | (नऊ आठवड्यांनी) रविवार, सकाळी ११:१०

धागा वर आणतोय. काहींनी व्यनि करून विचारलं, म्हणून जे झालं ते लिहितो.

मराठीत दोन पानांचं पत्र केलं. पहिल्यांदा वापरलं ते त्रिमूर्तीनगरच्या एका डॉक्टर दांपत्यासाठी. १ लाख ६५ हजार, अधिक जीएसटी, स्ट्रक्चरल वेगळं. आकडा सांगताना घसा कोरडा पडला. डॉक्टरांनी फक्त एवढंच विचारलं की १८ चकरांत स्लॅबच्या दिवसाची धरली आहे का. सही केली, पहिला टप्पा त्याच संध्याकाळी आला. त्याच आठवड्यात दोन जण ऐकून उठून गेले, त्यातला एक चौकातल्या सिव्हिलवाल्याकडे.

कारखान्याला उद्यम क्रमांकासह बिल पुन्हा पाठवलं. बारा दिवसांत पैसे, सोबत त्यांच्या अकाउंट्सच्या माणसाचा नाराज फोन. मानेवाड्याच्या काकांना सांगितलं की जिन्याचं आणि दारं-खिडक्यांचं ड्रॉइंग पुढच्या टप्प्यात आहे, आधी मागचा टप्पा. पाच दिवस बोलले नाहीत. मग अर्धे दिले, अर्धे पोळ्याला म्हणाले. मनीषनगरचा तोटा सोडून दिला.

इंटर्नचे ६ चे ८ केले. साइटवर रजिस्टर ठेवलंय. रात्रीचे मेसेज बंद, ठेकेदाराने स्वतःहून आभार मानले (काळी माती दादा, तुम्ही नाही ना?).

मामांना पत्र द्यायला हिंमत होईना, शेवटी आईसमोरच दिलं. मामांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि न जेवता गेले. तीन आठवडे फोन नाही. परवा मी साइटवर असताना घरी येऊन गेले. आईकडे चेक ठेवलाय, पूर्ण रकमेचा. सही आहे, रक्कम आहे, फक्त तारीख टाकलेली नाही.

जमाखर्च | रविवार, सकाळी ११:३२

उद्याच जाऊन त्यांच्याकडून तारीख टाकून घ्या. आणि पावती द्या, मामा असले तरी.